हाताला न पटलेलं देखणेपण

परवा नेमबाजीच्या रेंजवर एका तरुणाने शेजारच्या टेबलावरचं, ३५७ मॅग्नम हे जोरकस काडतूस झाडणारं एक अगदी छोटं रिव्हॉल्वर उचललं. मुलगा दणकट बांध्याचा, रुंद पंजांचा. रिव्हॉल्वर ज्यांचं होतं त्या काकांनी मान हलवून परवानगी दिली होती. त्याने ते तळहातावर तोललं, बोटाने सिलिंडरची कड चाचपली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, किती सुंदर आहे हो हे!" मग कानांवर मफ चढवले, चष्मा नीट केला, पाच काडतुसं भरली, दोन्ही हातांत धरलं आणि चाप ओढला. नळीच्या तोंडाशी भगव्या आगीचा गोळा फुलला, आवाज मफमधूनही छातीत उतरला आणि नळी जवळजवळ छताकडे गेली. त्याने बोट चापावरून काढलं, सिलिंडर उघडलं आणि रिव्हॉल्वर टेबलावर ठेवून दिलं. आत एक रिकामी पुंगळी होती, चार काडतुसं जिवंत होती. "सुंदरच आहे," तो पुन्हा म्हणाला आणि अंगठ्याचं मूळ चोळत आपल्या जागी गेला. नंतर त्याने त्याला हात लावला नाही.

ती चार काडतुसं माझ्या डोक्यातून जात नाहीत. तो सौजन्यापोटी खोटं बोलला असता तर मी विसरून गेले असते, पण त्याला ते खरोखरच सुंदर वाटलं होतं. मलाही वाटतं. राखाडी, मऊ चकाकीचं, कुठेही कोपरा नाही, घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा भाग, पाठीच्या आत लपवलेला, मूठ जेमतेम दोन बोटांची. मग जी वस्तू डोळ्याला इतकी पटते, तिला हात दुसऱ्यांदा का नको म्हणतो? छोट्या मॅग्नम रिव्हॉल्वरांची तुलना करताना लोक तीन रकाने आखतात: बाळगायला कसं, चालवायला कसं, दिसायला कसं. प्रत्येक रकान्यात गुण भरतात आणि बेरीज करतात. मला ते जमत नाही. माझ्या मते हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि त्यातला हाताचा प्रश्न बाकी दोघांची उत्तरं बदलून टाकतो.

हाताचं गणित तसं सोपं आहे. काडतूस तेच ठेवलं आणि रिव्हॉल्वरचं वजन निम्मं केलं, तर ते मागे येण्याचा वेग दुप्पट होतो आणि हातात शिरणारी ऊर्जाही दुप्पट. यात कंपनीची हुशारी चालत नाही, मुठीवरचं रबर थोडी दया दाखवतं इतकंच. स्मिथ अँड वेसनचं ३४० पीडी स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर, म्हणजे बाकी भाग बसवायच्या सांगाड्यावर, आणि टायटॅनियमच्या सिलिंडरवर उभं आहे. रिकामं असताना ते साडेतीनशे ग्रॅमच्याही आत. रूगरचं पोलादी एसपी १०१ सव्वादोन इंची नळीसह सुमारे साडेसातशे ग्रॅम. दोघांच्या सिलिंडरमध्ये काडतुसांची पाच घरं, दोघांत तेच काडतूस. एक खिशात ठेवलं तर विसरायला होतं. दुसरं विसरायला होत नाही, पण झाडल्यावर माणूस त्याला विसरण्याची प्रार्थनाही करत नाही. हलक्याचा झटका तर काडतुसांनाही सोसत नाही. बार होताना सिलिंडर झपकन मागे येतं, त्याच्यासोबत उरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या मागे येतात, पण त्यांत बसवलेली शिशाची गोळी जडत्वामुळे जागीच राहू पाहते. पुंगळीची कड घट्ट आवळलेली नसेल तर गोळी हळूहळू पुढे सरकते, सिलिंडरच्या तोंडातून बाहेर डोकावते आणि चौकटीला अडकून सिलिंडर फिरायचं थांबतं. या हलक्या मॉडेलच्या नळीवर १२० ग्रेनपेक्षा (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी वापरू नका असं कोरलेलं असतं. अंगावर सूचना कोरून घेऊन जन्मलेली वस्तू मला नेहमी थोडी केविलवाणी वाटते. तिच्याकडून काहीतरी फार मागितलं गेलंय, हे तिच्या कातडीवरच लिहिलेलं आहे.

मॅग्नम हे काडतूस मुळात छोट्या रिव्हॉल्वरसाठी जन्मलंच नव्हतं. १९३५ साली ते आलं, ३८ स्पेशल या आधीच्या, सौम्य काडतुसाची पुंगळी सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबवून. लांबवण्याचं कारण जास्त दारू मावावी हे नव्हतं. ते जोरकस काडतूस ३८ च्या जुन्या, नाजूक रिव्हॉल्वरमध्ये चुकून शिरू नये, म्हणून ही लांबी. उलट बाजूने मात्र दार उघडं राहिलं. ३५७ च्या घरात ३८ स्पेशल आरामात बसतं, आणि माझ्या मते या सगळ्या कुळाचं भाग्य त्या एका सोयीत आहे. पहिलं रिव्हॉल्वर स्मिथ अँड वेसनच्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या, एन चौकटीवर बनलं, किलोच्या वर वजनाचं. विकत घेणाऱ्याच्या नावाने नोंदवून, प्रमाणपत्रासह ते दिलं जाई. पहिलं एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांना मिळालं. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी जनरल पॅटन यांच्या कमरेला असलेलं हस्तिदंती मुठीचं, साडेतीन इंची नळीचंही त्याच जातीचं. म्हणजे ज्या माणसांना लपवायचं काही नव्हतं, उलट मिरवायचं होतं, त्यांच्यासाठी ते होतं. पुढची सगळी दशकं तीच आग लहान लहान भट्टीत कोंबण्यात गेली.

त्यातलं पहिलं पाऊल मला सर्वांत समंजस वाटतं. अमेरिकेच्या सीमा गस्ती दलातले बिल जॉर्डन रोज रिव्हॉल्वर कमरेला लावून हिंडणारे. त्यांनी कंपनीकडे मधल्या, के चौकटीवरच्या मॅग्नमचा आग्रह धरला आणि १९५५ मध्ये कॉम्बॅट मॅग्नम आलं. तेच पुढे मॉडेल १९ झालं. जॉर्डन यांची त्यामागची समजूतही साधी होती: सरावाला ३८ स्पेशल, मॅग्नम प्रत्यक्ष कामाला. लोकांनी पुढे ही समजूत बाजूला ठेवली. हलक्या, १२५ ग्रेनच्या वेगवान मॅग्नम गोळ्या सरावातही झाडल्या जाऊ लागल्या आणि मॉडेल १९ च्या नळीच्या मागच्या तोंडाला तडे जाऊ लागले. तिथे खालच्या बाजूला, सिलिंडरच्या आधाराला जागा मिळावी म्हणून धातू थोडा सपाट छाटलेला असतो, आणि तडा बरोबर तिथेच. कंपनीने १९८० च्या सुमाराला थोडी मोठी एल चौकट काढली. दोष मॉडेल १९ चा, असं मी अजूनही म्हणत नाही. अडीच इंची नळीचं, गोल मुठीचं मॉडेल १९ हातात घेतलं की प्रत्येक भाग दुसऱ्याला धरून असल्यासारखा वाटतो. नळी, तिच्या पोटाखालची, पुंगळ्या बाहेर ढकलणारी कांडी झाकणारं आवरण, सिलिंडर, चापाची कमान, मग मूठ, आणि त्या सगळ्यांतून एकच रेघ वाहत येते.

ती रेघ मी बोटाने कितीदा गिरवली असेल.

के चौकटीच्या खालचं जग म्हणजे पाच घरांचं जग. स्मिथ अँड वेसनच्या छोट्या जे चौकटीचं सिलिंडर सुमारे ३३ मिलिमीटर रुंद. मॉडेल ६०, ६४० ही त्यातली पोलादी भावंडं. मॉडेल ६० हे १९६५ मधलं पहिलं स्टेनलेस रिव्हॉल्वर, अर्थात तेव्हा ३८ मध्ये. मॅग्नम या चौकटीत शिरलं ते १९९० च्या दशकात. एसपी १०१ त्याहून किंचित जाड. किंबर के ६ एस २०१६ मध्ये आलं आणि त्याने सुमारे ३५ मिलिमीटरमध्ये सहा घरं बसवली. सहाव्या काडतुसाचं कौतुक मलाही आहे, पण पाच घरांच्या सिलिंडरमध्ये एक छुपी ताकद असते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिलिंडर जागेवर थांबावं म्हणून बाहेरून खाचा पाडलेल्या असतात. सहा घरांच्या सिलिंडरमध्ये ती खाच बहुतेकदा घराच्या पाठीवर, भिंत सर्वांत पातळ असते तिथे पडते. घरं पाच असली की खाच दोन घरांच्या मधल्या जाड धातूत जाते. इतक्या छोट्या वस्तूत, इतक्या दाबाच्या काडतुसासाठी ही मोठीच गोष्ट. एसपी १०१ ची चौकट तर बाजूच्या झाकणाशिवाय, दोन्ही भिंती सलग अशी ओतलेली. लोक तिला बोजड म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. ते रिव्हॉल्वर आपल्याला काय सोसायचंय हे ओळखून उभं आहे, आणि त्याचं रूपही तसंच आहे: आखूड मानेचं, रुंद खांद्यांचं.

बाळगण्याच्या बाबतीत मात्र वजनापेक्षा आकार महत्त्वाचा, हे कमरेला लावून हिंडल्याशिवाय कळत नाही. बहुतेकांना वाटतं, नळी जितकी आखूड तितकं लपवायला सोपं. नळी तर कमरपट्ट्याच्या खाली, कपड्याच्या आत असते. एक इंच जास्त असली तरी कुणाला दिसत नाही, उलट ती वरच्या भागाला बाहेर झुकू देत नाही. कपड्यावर उठून दिसते ती मूठ. वाकलं, बसलं की मुठीचं टोक शर्टाला तंबूच्या खांबासारखं ढकलतं. म्हणून गोल, आखूड मुठीचं रिव्हॉल्वर तीन इंची नळीसहसुद्धा नीट दडतं आणि चौकोनी मुठीचं दोन इंची दडत नाही. दुसरी रुंदी सिलिंडरची, पण ती फुगवट्यासारखी असते. कडा मऊ असतील तर शरीर तिला सामावून घेतं. वजनाचा प्रश्न पट्टा सोडवतो. चांगला, ताठ चामडी पट्टा आणि घट्ट होल्स्टर असेल तर साडेसातशे ग्रॅम दिवसभरात अंगवळणी पडतात. खिशाचं गणित वेगळं. तिथे घोड्याचं शेपूट कापडात अडकतं, म्हणून ६४० सारखा पूर्ण झाकलेला घोडा हवा, चाप झाकणारं खिशाचं होल्स्टर हवं, आणि तिथे हलकेपणाला खरोखर किंमत आहे. रूगरचं एलसीआर अशा वेळी मला ३४० पीडीपेक्षा जवळचं वाटतं. ३५७ मध्ये ते सुमारे ४८५ ग्रॅमचं, चापाचा सगळा जामानिमा पॉलिमरच्या घरात, आणि चाप इतका सलग येतो की बोटाला मधे कुठे ठेच लागत नाही. दिसायला मात्र मला ते कधीच आवडलं नाही. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना चिकटवल्यासारखा त्याचा वरचा आणि खालचा भाग.

माझा पंजा लहान आहे, त्यामुळे चालवण्याविषयी माझी मतं थोडी हट्टी आहेत. डबल ॲक्शनचा, म्हणजे एकाच ओढीत घोडा चढवून सोडणारा लांब, जड चाप ओढताना बोटाचं पहिलं पेर जेमतेम पोहोचत असेल तर नळीवरची नेम धरायची माशी लक्ष्यावरून हलणारच. म्हणून मूठ आधी, बाकी सगळं नंतर. हात जितका वर, घोड्याच्या मुळाशी भिडेल तितका झटका सरळ मागे येतो. खाली धरलं तर नळी उसळते आणि रिव्हॉल्वर हातातच फिरतं. दुसऱ्या हाताचं बोट पुढे सरकवायचं नाही. सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून तापलेला वायू पात्यासारखा बाहेर येतो, आणि आखूड नळीत तर बोट नळीच्या तोंडापुढेही जाऊ शकतं. याच ठिकाणी माझ्या मते दोन इंची मॅग्नमचं सगळं दुखणं आहे. इतक्या आखूड नळीत दारू पुरी जळत नाही, उरलेली बाहेर पेटते. ती आग आणि तो आवाज गोळीच्या वेगात भर घालत नाही, फक्त झाडणाऱ्याला दचकवतो. नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी यांतलं अंतर कमी, म्हणून हाताची लहानशी चूक लक्ष्यावर मोठी होते. आणि पुंगळ्या बाहेर ढकलणारी कांडी नळीच्या लांबीइतकीच, म्हणजे आखूड. मॅग्नमच्या लांब पुंगळ्या तिने पूर्ण निघत नाहीत, घराच्या भिंतीला धरून बसतात, नखाने ओढाव्या लागतात. नळी तीन इंचांची करा आणि कांडी पुरेशी लांब होते, आग कमी होते, नेम स्थिरावतो, तोंडाकडे थोडं वजन येऊन उसळीही दबते. एका इंचात इतकं काही बदलणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. एफबीआयने १९८० च्या दशकात घेतलेलं तीन इंची मॉडेल १३, फ्रान्सच्या जीआयजीएन या विशेष कारवाई पथकाने वापरलेल्या मान्युरिन एमआर ७३ चं तीन इंची रूप, कोल्टचं २०१९ मधलं किंग कोब्रा, हे सगळे त्याच लांबीवर येऊन थांबले. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या दशकांत.

आता रूप. यावर लिहिताना मला अवघड वाटतं, आणि ते लपवत नाही. ही वस्तू माणसाला इजा करण्यासाठी घडवलेली आहे. तिच्या निळ्या झाकेकडे, अक्रोडी मुठीच्या रेषांकडे मी तासन्‌तास पाहते तेव्हा आत कुठेतरी एक आवाज विचारतो, हे पाहणं योग्य आहे का. त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण डोळे मिटूनही चालत नाही, कारण कोल्ट पायथॉनसारखी वस्तू समोर आली की पाहिलंच जातं. १९५५ चं ते. नळीवर जाळीदार पट्टी, पोटाखाली टोकापर्यंत भरीव आवरण, आणि पाण्यात डोकावल्यासारखी खोल निळाई. त्याचं सिलिंडर घड्याळाच्या दिशेने, म्हणजे चौकटीत शिरत फिरतं. स्मिथ अँड वेसनचं उलट फिरतं. माहीत असलेला माणूस डोळे मिटून, नुसतं बोटाने फिरवून ओळखतो. तरीही अडीच इंची पायथॉन मला खटकतं. लांब नळीवर जी जाळी श्वास घेते, ती आखूड नळीवर दाटीवाटीने उभी राहते. थोरल्याचे कपडे धाकट्याला घातलेत. बाळगायलाही ते बोजड, चौकट मोठी आहे म्हणून. तिथे सौंदर्य आहे, पण ते दुसऱ्या कुठल्या तरी देहाचं आहे.

आणि मग कियाप्पा ऱ्हायनो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते कुरूप वाटलं. नळी सिलिंडरच्या वरच्या घरासमोर नाही, खालच्या घरासमोर. सिलिंडर गोल नाही, सहा सपाट बाजूंचं. घोडा दिसतो तो घोडा नाहीच, आतला घोडा चढवायची ती कळ, चढवून झालं की आपली जागी परत येते. एमिलिओ घिझोनी यांची ही रचना. पण नळी खाली आल्यामुळे झटक्याची रेघ थेट मनगटातून जाते आणि नळी फारशी उसळत नाही. सपाट बाजूंमुळे कमरेलाही ते पातळ बसतं. चालवल्यानंतर मी ते पुन्हा पाहिलं आणि मला त्याचा तोंडवळा बदललेला दिसला. वस्तू तीच होती. आता तिच्या प्रत्येक वाकड्या रेषेचं कारण माझ्या मनगटाला माहीत होतं. त्याला मी आजही सुंदर म्हणणार नाही. मात्र त्यापुढे कुरूप हा शब्दही मला वापरवला नाही.

त्या तरुणाच्या बाबतीत बहुधा याच्या उलट घडलं. डोळ्याने आधी मान्य केलं, मग हाताने कारण मागितलं आणि हाताला ते मिळालं नाही. त्या हलक्या रिव्हॉल्वरची गुळगुळीत राखाडी पाठ, लपलेला घोडा, इवलीशी मूठ, हे सगळं खिशासाठी घडलेलं आहे, आणि खिशाच्या दृष्टीने त्याचं रूप पूर्ण खरं आहे. फक्त आतलं काडतूस त्या रूपात बसत नाही. त्याच रिव्हॉल्वरमध्ये ३८ स्पेशल भरून पाहा, झटका तिथेही तिखटच असतो, पण हात निदान बोलणं ऐकून घेतो. पाच काडतुसं झाडून होतात. मग कुणी विचारेल, मॅग्नमचा शिक्का कशाला? हा प्रश्न मी त्या काकांनाही विचारला. "कधी लागलं तर," ते म्हणाले. मला त्यांचं म्हणणं समजतं. पण जे सरावात दुसऱ्यांदा झाडवत नाही, ते भीतीने हात थरथरत असताना नीट झाडता येईल असं मला वाटत नाही. चोरटेपणाने ओढलेला चाप, बार व्हायच्या आधीच मिटलेले डोळे, खाली दाबलं गेलेलं मनगट, या सवयी अशाच एकेका झटक्यातून शिकल्या जातात आणि सोडवायला फार वेळ लागतो.

माझ्यापुरता कौल तीन इंची पोलादी रिव्हॉल्वरला आहे. कमरेला दिवसभर राहील इतकं लहान, मॅग्नमची पाचही काडतुसं हात न मागे घेता झाडता येतील इतकं जड. मॉडेल १९ ची ती वाहती रेघ मला जन्मभर प्रिय राहील, पण आज नवीन कुणी विचारलं तर मी एसपी १०१ पुढे करते. त्यातही २००८ च्या सुमाराला आलेलं ३२७ फेडरल मॅग्नम हे काडतूस मला फार आशेचं वाटतं. बारीक अंगाचं, त्यामुळे त्याच पाच घरांच्या जागेत सहा घरं होतात, झटका ३५७ पेक्षा स्पष्टपणे सौम्य, आणि घरात ३२ ची सौम्य काडतुसंही चालतात, म्हणजे ३५७ ला मिळालेली सोय इथेही आहे. अजून फार लोक त्याच्याकडे वळलेले नाहीत, काडतुसं सगळीकडे सहज मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे. एसपी १०१ ची मूळ रबरी मूठ माझ्या पंजाला बरोबर बसते. ती एका खुंटीवर बसवलेली असल्याने चौकटीच्या आकाराची सक्ती तिच्यावर नाही, ज्याला मोठी हवी त्याने मोठी लावावी. चाप सुरुवातीला खरखरीत असतो. रोज थोडा वेळ, खोटी काडतुसं घालून, सुरक्षित भिंतीकडे तोंड करून तो ओढत राहिलं की काही महिन्यांत मऊ होतो. पुढच्या माशीला मी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका देऊन ठेवते, काळ्यावर काळी दिसत नाही म्हणून.